दर वेळी कार्बोरेटरच दोषी नसतो
जुनी स्प्लेंडर किंवा आरएक्स १०० चार-पाच किलोमीटर धावून आचके देत बंद पडली आणि दहा मिनिटांनी पुन्हा सुरू झाली, की ‘कार्बोरेटरमध्ये कचरा आहे, खोलून साफ कर’ हा सल्ला ठरलेला. पण जेटमध्ये (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक छिद्रात) कचरा असेल तर गाडी सहसा सुरुवातीपासूनच कुरकुरते. दहा मिनिटं थांबून आपोआप बरी होत नाही.

या गाड्यांना पेट्रोल पंप नसतो. टाकीतलं पेट्रोल स्वतःच्या वजनाने खाली उतरतं आणि त्याच्या जागी झाकणाच्या बारीक छिद्रातून हवा आत यावी लागते. ते छिद्र धुळीने, गंजाने (हौशी मंडळींच्या बाबतीत पॉलिशने) बुजलं की धार आटते, फ्लोट चेंबर (कार्बोरेटरमधली पेट्रोल साठवणारी वाटी) रिकामा पडतो. थांबल्यावर हवा हळूहळू झिरपते, म्हणून गाडी पुन्हा सुरू होते.

बंद पडल्या पडल्या झाकण उघडा. ‘फुस्स’ आवाज आला आणि गाडी धावू लागली, तर छिद्र मोकळं करा. नाहीच, तर इंजिन थंड झाल्यावर कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) चालू ठेवून चेंबरचा ड्रेन स्क्रू सैल करा, खाली बाटली धरा. झाकण उघडं असूनही धार बारीक होत गेली, तर कॉकची जाळी, नळी, चेंबरमध्ये पेट्रोल सोडणारी फ्लोटची सुई बघा. धार सारखी राहिली, तर आधी गरम झालेल्या इग्निशन कॉइलवर (ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या गुंडाळीवर) संशय घ्या, मग जेटवर.