तहान न लागणारा घोडा

२०२३च्या सप्टेंबरमध्ये केरळच्या निदा अंजुमने फ्रान्समधल्या कास्तेलसाग्रा इथे युवा गटाच्या जागतिक स्पर्धेत घोड्यावरून १२० किलोमीटरची एन्ड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्याची, शर्यत पूर्ण केली. अशी कामगिरी करणारी ती पहिली भारतीय. बातम्या वाचून अनेकांना वाटलं, ही रेसकोर्ससारखीच, फक्त लांबलचक शर्यत. तसं नाही. इथे सगळ्यांच्या आधी पोचलेला घोडासुद्धा शेवटच्या वैद्यकीय तपासणीत नापास झाला तर बाद होतो.

पहिली तपासणी शर्यतीआधीच, बहुधा आदल्या दिवशी होते. घोड्याचा पासपोर्ट आणि त्याच्या कातडीखालची ओळखीची मायक्रोचिप जुळली की पशुवैद्यक हृदयाचे ठोके मोजतात. निवांत घोड्याचे ते मिनिटाला २८ ते ४० असतात. मग हिरडी अंगठ्याने दाबून पांढरा पडलेला ठिपका किती लवकर गुलाबी होतो ते बघतात, मानेची कातडी चिमटीत धरून सोडतात, कुशीला स्टेथोस्कोप लावून आतड्यांची गुडगुड ऐकतात. शेवटी लगाम सैल सोडून घोड्याला कडक, सपाट जमिनीवर दुडक्या चालीने नेऊन आणतात. पुढचा पाय दुखत असेल तर मान लयीत खाली-वर होते आणि लंगडणं उघडं पडतं.

धडधाकट दिसणाऱ्या जनावराची एवढी झडती कशाला? कारण दडलंय त्याच्या घामात.

आपला घाम त्वचेवर येण्याआधी घामग्रंथींची नळी त्यातलं बरंच मीठ परत शोषून घेते. त्यामुळे आपण मिठापेक्षा पाणी जास्त गमावतो, रक्त खारट होतं आणि मेंदू तहानेची घंटा वाजवतो. घोड्याचा घाम मात्र रक्ताइतका किंवा त्याहूनही खारट असतो. उन्हात पळताना तो तासाला दहा लिटरपर्यंत घाम गाळतो, पण पाण्याबरोबर मीठही गेल्यामुळे रक्ताचा खारटपणा फारसा वाढत नाही. मग घंटाही नीट वाजत नाही. शरीर कोरडं पडत चाललेलं असतानाही घोडा हौदावरून तोंड फिरवतो. ‘जनावराला आपलं आपण कळतं’ हा समज इथे घातक ठरतो.

पुढची साखळी तर विलक्षण आहे. घामातून मिठातलं क्लोराइड भरपूर जातं. ते कमी पडलं की मूत्रपिंडं सोडियम वाचवताना बायकार्बोनेट (खायच्या सोड्यातला अल्कधर्मी घटक) राखून ठेवतात आणि रक्त अल्कधर्मी होतं. अशा रक्तात कॅल्शियम प्रथिनांना जास्त चिकटतं, मोकळं कॅल्शियम घटतं आणि चेतातंतू चिडखोर होतात. श्वासपटलाला आज्ञा देणारा फ्रेनिक चेतातंतू हृदयाला अगदी लगटून जातो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याची विद्युत लहर आता त्यालाही चेतवते आणि कुशी ठोक्यागणिक उडू लागते. याला थम्प्स म्हणतात. अशा घोड्याला ‘ताकदीसाठी’ खायचा सोडा पाजणं म्हणजे आधीच अल्कधर्मी झालेल्या रक्तात भर घालणं.

आपल्याकडे सारंगखेड्याच्या घोडेबाजारात आजही घोड्याचे भोवरे बघून शुभ-अशुभ ठरवणारे भेटतात. कातडीवरचा केसांचा भोवरा हृदयाबद्दल काहीही सांगत नाही. तेवढ्या वेळात हिरडी दाबून बघितली तर घोड्याबद्दल काहीतरी खरं कळेल.

पहिल्या तपासणीच्या नोंदी घोड्याच्या कार्डावर राहतात. शर्यतीत प्रत्येक टप्प्यानंतर ठोके साधारण १५ मिनिटांत ६४वर यावे लागतात. पण ठोके उतरले, तरी काल दोन्ही कुशींत वर-खाली ऐकू आलेली आतड्यांची गुडगुड आज गप्प असेल, तर अनुभवी पशुवैद्यक त्या घोड्यावरून नजर हटवत नाही.