स्वरतंतूत चरबीचे इंजेक्शन: घाईने मत बनवू नका

"इंजेक्शन घेतलं आणि आवाज आधीपेक्षा घोगरा झाला!" ऑपरेशननंतर दुसऱ्या आठवड्यात असा फोन आम्हाला हमखास येतो. पुढे काय होणार हे आधी नीट समजलेले नसले की माणूस घाबरणारच. म्हणून हे पत्रक. ऑपरेशन कान-नाक-घशाचे सर्जन करतात. आम्ही त्याआधी आणि नंतर आवाजाचे व्यायाम घेतो.

थायरॉइडच्या किंवा हृदयाच्या ऑपरेशननंतर, छातीतल्या गाठीमुळे, कधी विषाणूमुळे एका स्वरतंतूला हलवणारी नस (मज्जातंतू) निकामी होते. डाव्या बाजूला हे जास्त, कारण डावी नस छातीत उतरून महाधमनीला वळसा घालते आणि मग घशात येते. स्वरतंतू म्हणजे घशातल्या दोन पट्ट्या, बोलताना त्या मध्ये येऊन जुळतात. नस गेलेला तंतू मध्यापर्यंत पोहोचत नाही आणि फटीतून हवा निसटते. बोलताना दम लागतो, पाणी पिताना ठसका लागतो, दादरच्या मंडईत भाव विचारला तर भाजीवाल्याला ऐकू जात नाही.

पोटाची किंवा मांडीची थोडी चरबी काढून, स्वच्छ करून ती त्या तंतूत भरतात. बहुधा पूर्ण भूल देऊन, तोंडातून. तंतू फुगून मध्ये सरकतो आणि फट बुजते. १९११ मध्ये यासाठी पॅराफिन वापरले होते, १९६० च्या दशकात टेफ्लॉन आले. पण टेफ्लॉनभोवती पुढे गाठी होत. चरबी आपलीच, शरीर तिला परके मानत नाही.

पण तिच्यातली काही विरघळते. कुणाची किती, हे आधी सांगता येत नाही. म्हणूनच सर्जन मुद्दाम गरजेपेक्षा जास्त भरतात, आणि म्हणूनच सुरुवातीला आवाज जड, दाबलेला येतो. सूज उतरते, जास्तीची चरबी जिरते, तसा तो मोकळा होतो. विरघळण्याचा मोठा भाग पहिल्या काही महिन्यांत होऊन जातो. उरलेल्या चरबीला रक्तपुरवठा मिळाला की ती वर्षानुवर्षे टिकू शकते. तात्पुरत्या इंजेक्शनमध्ये भरतात ते हायलुरॉनिक आम्ल काही महिनेच टिकते, त्या मानाने हे मोठेच. तरी सगळ्यांचे सारखे होत नाही. फट फार मोठी असेल, तंतूवर जुना व्रण असेल, तर अपेक्षा बेताची ठेवा. काहींना पुन्हा इंजेक्शन लागते, काहींना मानेच्या बाहेरून स्वरयंत्राच्या कूर्चेत (लवचीक हाडात) खिडकी करून तंतूला आधार बसवावा लागतो.

नस नुकतीच गेली असेल तर आमचे मत स्पष्ट आहे: चरबीची घाई नको. वर्षभरात नस आपणहून सुधारू शकते. तोवर तात्पुरत्या इंजेक्शनबद्दल सर्जनना विचारा.

ऑपरेशननंतर सर्जन सांगतील तितके दिवस मौन पाळा. कुजबुजूही नका, त्याने घशावर ताण येतो. सारखे खाकरू नका. गणपती आले तरी त्या वर्षी आरतीला टाळ वाजवा, आवाज चढवू नका. लोकलमधल्या भजनी मंडळींनाही हेच.

दर रविवारी सकाळी एका श्वासात "आ" किती सेकंद टिकतो ते मोजा आणि फोनवर रेकॉर्ड करा. निरोगी प्रौढाचा साधारण १५ ते २५ सेकंद टिकतो, फट असली तर अनेकदा १० सुद्धा नाही. तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात, मग वर्षाने ही रेकॉर्डिंग आमच्याकडे घेऊन या. आपण एकत्र ऐकू.

श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज आला किंवा दम कोंडला, तर मात्र आम्हाला फोन करत बसू नका. तडक हॉस्पिटल गाठा.