चाळिशी लागल्यावर पुन्हा मिनिएचर रंगवताना

वीस-पंचवीस वर्षांनी माळ्यावरचा खोका खाली काढायचा, वॉटर्लूच्या लढाईतल्या शिपायाची अर्धवट रंगवलेली छोटी प्रतिकृती हातात घ्यायची आणि तिच्या कोटाची बटणं दिसतच नाहीत हे लक्षात यायचं. आमच्या दुकानात येणारे बरेच ग्राहक हेच सांगतात आणि लगेच सर्वात बारीक ब्रश नि सर्वात मोठं भिंग मागतात. ते आम्ही शक्यतो लगेच देत नाही. आमचा क्रम असा: आधी उजेड, मग अंतर, मग भिंग आणि ब्रश सगळ्यांत शेवटी.

उजेड

चाळिशीच्या सुमारास डोळ्यातलं भिंग ताठर होऊ लागतं आणि जवळच्या वस्तूवर नजर ठरत नाही, हे सर्वांना ठाऊक असतं. पण वय वाढतं तशी डोळ्याची बाहुलीही लहान राहू लागते आणि भिंगावर पिवळसर झाक चढते, याकडे सहसा लक्ष जात नाही. परिणामी साठीतल्या दृष्टिपटलावर विशीच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोहोचतो. पूर्वी एका टेबल लॅम्पवर भागत होतं, तिथे आता दोन हवेत: एक डावीकडे, एक उजवीकडे, म्हणजे ब्रश धरलेल्या हाताची सावली फिगरवर (म्हणजे रंगवायच्या प्रतिकृतीवर) पडत नाही. प्रखर उजेडात बाहुली आणखी आकसते आणि त्यामुळे जवळचं जास्त रेखीव दिसतं. चष्म्याचा नंबर न बदलता मिळणारा हा फायदा आहे.

दिवा ५००० ते ६५०० केल्व्हिनचा, म्हणजे दिवसासारखा पांढरा उजेड देणारा, सीआरआय (रंग किती खरे दिसतात ते सांगणारा आकडा) ९० किंवा त्याहून जास्त असलेला घ्या. उजेड डोळ्यांत थेट येऊ देऊ नका आणि खोलीतला दिवाही चालू ठेवा. काळोखात एकच लखलखीत वर्तुळ असलं की डोळे लवकर शिणतात.

अंतर

वाचनाचा चष्मा साधारण ४० सेंटिमीटरसाठी बनवलेला असतो. रंगवताना फिगर येते २५ ते ३० सेंटिमीटरवर. मग चष्मा असूनही धूसर दिसतं आणि दोष हाताला दिला जातो. रंगवायला बसता तसे बसा, डोळ्यापासून फिगरपर्यंतचं अंतर घरातल्या कोणाला तरी टेपने मोजायला सांगा आणि तो आकडा चष्मा करून देणाऱ्याला सांगा. फिगर सोबत नेलीत तर उत्तमच. प्रोग्रेसिव्ह काचेत (एकाच काचेत लांबचा आणि जवळचा नंबर असलेल्या) जवळचा भाग खाली आणि अरुंद असतो, त्यामुळे हनुवटी वर करून बसावं लागतं आणि तासाभरात मान धरते. रंगकामासाठी एकाच नंबरचा वेगळा चष्मा करून घेणं आम्हाला जास्त योग्य वाटतं.

भिंग

डोक्यावर बांधायच्या भिंगात दुप्पट किंवा अडीचपट मोठं दाखवणारी काच बहुतेकांना पुरते. दुप्पटीला कामाचं अंतर साधारण २५ सेंटिमीटर राहतं, अडीचपटीला २०. साडेतीनपट काचेत ते सुमारे १० सेंटिमीटरवर येतं. मग ब्रशची दांडी काचेवर आपटते, आणि फिगरचं नाक स्पष्ट दिसतं तेव्हा कान धूसर होतो. शिवाय फार मोठं दिसलं की ज्या चुका कोणालाच दिसणार नाहीत त्या आपण दुरुस्त करत बसतो. दर थोड्या वेळाने भिंग वर सरकवा आणि फिगर हातभर लांब धरून बघा. निर्णय तिथून घ्या.

काम संपलं की भिंग झाकून ठेवा. खिडकीतून येणाऱ्या उन्हात ते राहिलं तर टेबलाला आग लागू शकते.

ब्रश आणि रंग

तीन शून्यांच्या (००० नंबरच्या, अगदी बारीक) ब्रशमध्ये रंग इतका थोडा मावतो की फिगरपर्यंत जाईतो तो वाळतो. १ किंवा २ नंबरचा, टोक नीट जुळणारा ब्रश घ्या. रेघ टोकाने उमटते, ब्रशच्या जाडीने नाही. पूर्वी इनॅमल वापरणाऱ्यांना आजचे अॅक्रिलिक फार झटपट वाळतात असं वाटेल, त्यांनी ओला पॅलेट (रंग ओलसर ठेवणारी पाटी) वापरून बघावा. टोक जुळवायला ब्रश ओठांत धरायची सवय असेल तर ती मात्र सोडा. दोन्ही कोपरं टेबलावर, फिगर जाडसर दांड्यावर चिकटवलेली आणि दोन्ही मनगटं एकमेकांना टेकलेली असली की हाताची थरथर बरीच कमी होते.

नुसत्या काळ्या प्रायमरवर (रंगाआधीच्या पहिल्या थरावर) कपड्याच्या चुण्या हरवतात. काळ्यावर, वरच्या बाजूने तिरका, पांढरा किंवा फिकट राखाडी फवारा मारा. उंचवटे उजळतात, खाचा काळ्या राहतात आणि कुठे काय आहे ते रंगवण्याआधीच कळतं. पुढे वॉश, म्हणजे खूप पातळ केलेला गडद रंग, खाचांत आपोआप उतरतो, तिथे नजरेची परीक्षा नाही.

फिगरचे डोळे रंगवण्याबाबत एक हिशोब सांगतो. २८ मिलिमीटरची फिगर माणसाच्या साठाव्या हिश्शाची असते. ती ७० सेंटिमीटरवरून बघणं म्हणजे खरा माणूस ४२ मीटरवरून बघणं. तेवढ्या लांबून डोळ्यांतला पांढरा भाग दिसत नाही, भुवईखालची सावली दिसते. म्हणून तिथे तपकिरी वॉश द्या आणि पुढे चला. डोळे रंगवायचेच असतील तर ५४ किंवा ७५ मिलिमीटरची फिगर घ्या.

पहिली फिगर निवडताना गणवेश बघा. नेपोलियनच्या काळातल्या ब्रिटिश पायदळाचा लाल कोट आणि त्यावरचे पांढरे आडवे पट्टे, किंवा फ्रेंच पायदळाचा निळा कोट नि पांढरं अस्तर: इथे कडा स्वतःहून दिसतात. ब्रिटिशांच्याच ९५व्या रायफल्स पलटणीचा गडद हिरवा कोट आणि काळे पट्टे आमच्याही आवडीचे आहेत, पण गडदावर गडद ओळखणं थकलेल्या डोळ्यांना सर्वात अवघड. ती फिगर दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर ठेवा.

खोक्यातल्या जुन्या धातूच्या फिगरमध्ये शिसं असू शकतं. कोरडी घासू नका, पांढरी भुकटी दिसली तर फुंकू नका आणि काम झालं की हात साबणाने धुवा.

डॉक्टरांकडे कधी जायचं

मोतिबिंदू वाढताना डोळ्यातलं भिंग पिवळं-तपकिरी होतं, गडद निळा आणि काळा सारखे दिसू लागतात. अशा वेळी बाटलीवरचं नाव वाचूनच रंग घ्या. शस्त्रक्रियेनंतर निळा एकदम उजळ वाटतो आणि आधी रंगवलेल्या फिगर वेगळ्याच दिसतात. चित्रकार क्लोद मोने यांची १९२३ मध्ये अशी शस्त्रक्रिया झाल्यावर त्यांनाही निळ्याचा अतिरेक जाणवला होता. त्यामुळे शस्त्रक्रिया ठरली असेल तर मोठी पलटण अर्ध्यावर सोडू नका. एक तर आधी पुरी करा, नाही तर नंतर सुरू करा.

एकेक डोळा झाकून सरळ पट्टा किंवा बंदुकीची नळी बघा. ती वाकडी किंवा नागमोडी दिसली, मधोमध डाग दिसला किंवा नजर अचानक कमी झाली, तर भिंग विकत घेऊ नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा. आम्ही काचा विकतो, डोळे तपासत नाही.

आमच्या टेबलावर दोन दिवे आणि प्रत्येक ताकदीचं भिंग कायम लावून ठेवलेलं असतं. तुमची अर्धवट राहिलेली फिगर आणि रोजचा चष्मा घेऊन या. वीस मिनिटं रंगवून बघा आणि मग काय घ्यायचं, काही घ्यायचं की नाही, ते ठरवा.