कळसूबाई साठ मीटर खचली?

पाऊस ओसरला की नाशिककर घोटीमार्गे बारी गाव गाठतात. लोखंडी शिड्या चढून कळसूबाईच्या देवळाशी पोचलं की आधी नमस्कार, मग फोन. मागच्या खेपेला आमच्यातल्या एकाच्या ॲपने उंची दाखवली १५८५ मीटर. शाळेत घोकलेला आकडा तर १६४६! आम्ही खाली उतरेपर्यंत ग्रुपवर मेसेज फिरत होता : ‘शिखर खचतंय, देवीचा कोप.’ मेसेजखाली हात जोडलेल्या इमोजींची रांग.

देवीला यात ओढू नका. आकडे दोन्ही बरोबर आहेत, फक्त ते वेगवेगळ्या शून्यापासून मोजलेत.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांतल्या किमान चारांचे संदेश यायला किती वेळ लागला यावरून फोन स्वतःची जागा काढतो. ही जागा निघते पृथ्वीच्या केंद्राच्या हिशेबाने. मग उंची सांगायला एक गुळगुळीत, ध्रुवांशी किंचित चपटा गोल कल्पिला जातो. त्याची विषुववृत्तापाशी त्रिज्या ६३७८ किलोमीटर, ध्रुवापाशी ६३५७. हा गोल कागदावरचा आहे. समुद्राला त्याची खबर नाही.

समुद्र ऐकतो फक्त गुरुत्वाकर्षणाचं. गवंडी पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन भिंतीच्या दोन टोकांना खुणा करतो ना, तेच मोठं करून बघा. अरबी समुद्रापासून नाशिकच्या पोटाखालपर्यंत एक बारीक कालवा खणला, तर त्यात पाणी जिथे थांबेल ते आपलं शून्य. अशा, जमिनीखालूनही कल्पिलेल्या समुद्रसपाटीला जिऑइड म्हणतात. आणि तो गुळगुळीत नाही. पृथ्वीच्या पोटात कुठे वस्तुमान जास्त, कुठे कमी. कमी असेल तिथली ओढ कमी पडते, पाणी आजूबाजूला ओढलं जातं, पातळी खाली बसते. श्रीलंकेच्या दक्षिणेला ही पातळी त्या कागदी गोलापेक्षा तब्बल १०६ मीटर खाली आहे. जगात सर्वांत खोल खळगा तोच. जहाज तिथून जातं तेव्हा उतार लागत नाही, कारण ओळंबाही तिथल्याच ओढीप्रमाणे लटकतो. त्या खळग्याची किनार आपल्या खालूनही जाते. नाशिककडे फरक साधारण ६० मीटरचा. काही ॲप ही वजाबाकी दुरुस्त करतात, काही करत नाहीत. वर फोनची स्वतःची चूक पाच-दहा मीटर सहज असते. ‘उपग्रह म्हणजे अचूक’ हे घड्याळाच्या जाहिरातीपुरतं ठीक.

जुन्या सर्वेक्षकांना हा घोळ नव्हता. १८५८ ते १९०९ या काळात देशभर लेव्हल (बुडबुडा बघून आडवी सपाट धरायची दुर्बीण) आणि खुणांची पट्टी घेऊन, टप्प्याटप्प्याने, एकदा मागे आणि एकदा पुढे बघत उंची नेली गेली. तिचं शून्य होतं मुंबईच्या अपोलो बंदरासह नऊ ठिकाणी भरती-ओहोटी मोजून काढलेली सरासरी. उपकरणातला बुडबुडा गुरुत्वाकर्षणच वाचतो, त्यामुळे आकडा आपोआप समुद्रसपाटीचा. स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर लिहिलेली उंची ती हीच.

कालवा काढणाऱ्याला हे फार महत्त्वाचं. कालव्याला किलोमीटरमागे वीसेक सेंटिमीटरच उतार दिला असेल आणि जिऑइड त्याच दिशेत किलोमीटरमागे काही सेंटिमीटर कलत असेल, तर नुसत्या उपग्रहाच्या उंचीवर आखलेल्या उताराचा चांगला हिस्सा चुकलेला निघेल. (इथे डोकं गरगरलं तर गवंड्याची नळी आठवा.) गंगापूर धरणाचं पाणी उपग्रहाला विचारून वाहत नाही.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. एकाचं उत्तर आलं : ‘म्हणजे डोंगर नाही, समुद्रच साठ मीटर खाली गेला का?’ मी लिहिलं, हो, पण ‘गेला’ नको, ‘आहे’ म्हण.