पान नको म्हणण्याचं गणित

स्ले द स्पायर हा मनोऱ्याचे मजले चढत राक्षसांशी पत्त्यांनी लढायचा गेम मोबाईलवर उघडला आणि त्यातला पहिला योद्धा आयर्नक्लॅड घेतला की तुम्हाला दहा पानं मिळतात. पाच वाराची, चार बचावाची आणि एक जरा खास, बॅश नावाचं, जे साध्या वाराच्या ६ ऐवजी ८ ने मारतं आणि वर समोरच्याला दोन टर्न असं कमकुवत करून ठेवतं की त्याला प्रत्येक वार दीडपट लागतो. दर टर्नला पाच पानं हातात येतात, तीन एनर्जी असते, तेवढ्यात बसेल ते खेळायचं, उरलेली पानं टाकायची, गड्डी संपली की टाकलेली पानं पिसून परत घ्यायची. लढाई जिंकली की गेम तीन नवी पानं समोर ठेवतो, यातलं एक घ्या. किंवा घेऊ नका.

हे जे "किंवा घेऊ नका" आहे ना, मला वाटतं या गेमचं सगळं गणित तिथेच आहे, आणि नवीन खेळणारे बहुतेक तिथेच अडकतात.

आधी थोडं मागचं सांगतो. या प्रकाराला रोगलाइक डेकबिल्डर म्हणतात आणि तो दोन जुन्या कल्पनांचा संकर आहे. १९८० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ कॅम्पसमधल्या मायकल टॉय आणि ग्लेन विचमन या दोन पोरांनी रोग नावाचा गेम लिहिला, चित्रं वगैरे काही नाही, स्क्रीनवर नुसती अक्षरं, पण प्रत्येक वेळी भुयार नवीन आणि मेलात की पहिल्यापासून सुरुवात. दुसरी कल्पना २००८ ची, डोनाल्ड व्हॅकारिनो यांचा डॉमिनियन हा टेबलावर खेळायचा पत्त्यांचा खेळ, ज्यात खेळता खेळताच आपली गड्डी आपण बांधत जायची. मेगा क्रिट या कंपनीच्या अँथनी जिओव्हानेटी आणि केसी यानो या दोघांनी या दोन गोष्टी एकत्र करून स्ले द स्पायर बनवला, तो २०१९ ला पूर्ण झाला, २०२० ला आयफोनवर आणि २०२१ ला अँड्रॉइडवर आला. ही कल्पना त्यांच्याही आधी कुणी कुणी करून बघितली होती, पण लाट आली ती यांच्यामुळे. मग २०२४ मध्ये बलाट्रो आला, लोकलथंक या टोपणनावाच्या एकाच माणसाने केलेला, त्यात आपल्या ओळखीची ५२ पानं, पोकरचे हात आणि जोकर.

आपल्याकडे किनारपट्टीला हे गेम इतके बरोबर बसतात त्याचं कारण साधं आहे, त्यांना नेट लागत नाही आणि घाई नसते. कोकण रेल्वेत रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा, रेंज गेलीच, पण डाव चालू राहतो. पावसात लाईट गेली, वाडीत एकच कांडी रेंज आहे, तरी चालतं. फोन खिशात टाकला आणि तासाने काढला तरी समोरचा राक्षस तिथेच उभा.

आता गणित. दहा पानांत एक बॅश आहे, पहिल्या हातात पाच पानं येतात, म्हणजे बॅश पहिल्याच हातात असण्याची शक्यता ५० टक्के. तुम्ही दहा लढायांनंतर दहा चांगली चांगली पानं घेतलीत, गड्डी २० ची झाली, शक्यता २५ टक्के. तीस पानं झाली की जेमतेम १७. प्रत्येक पान घेताना ते चांगलंच होतं, पण सोलकढीत पाणी ओतत गेल्यासारखं होतं ते.

आणि हे एका पानाचं झालं. खरी मजा दोन पानांच्या जोडीत असते, एकाने ताकद वाढवायची आणि दुसऱ्याने लगेच मारायचं. दोन्ही पहिल्याच हातात येण्याची शक्यता दहा पानांच्या गड्डीत ५/१० गुणिले ४/९, म्हणजे २२ टक्के. वीस पानांत ५/२० गुणिले ४/१९, म्हणजे ५ टक्क्यांच्या थोडं वर. तीस पानांत २.३ टक्के. गड्डी तिप्पट झाली तर एका पानाची शक्यता तिसऱ्या हिश्श्यावर येते, जोडीची मात्र जवळजवळ दहाव्या हिश्श्यावर, हे अकरावी बारावीच्या पुस्तकातलं गणित आहे पण पुस्तकात ते असं अंगाला लागत नाही. म्हणून या गेममधलं दुकान तुमच्याकडून सोनं घेऊन तुमचंच एक पान काढून टाकायची सोय विकतं आणि जाणते खेळाडू त्यासाठी आनंदाने पैसे मोजतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे वेड्यासारखं वाटतं.

अर्थात गड्डी जितकी लहान तितकी चांगली असा सरसकट नियम मी सांगणार नाही, कारण तो खरा नाही. सुरुवातीची वाराची पाच पानं कमकुवत असतात, त्यांच्यापेक्षा बरं पान आलं की गड्डीची सरासरी वर जाते, आणि पुढचे शत्रू जड होत जातात त्यामुळे नुसत्या दहा पानांवर वर पोचता येत नाही. प्रश्न दरवेळी हाच असतो की हे पान माझ्या आत्ताच्या सरासरीच्या वर आहे का, आणि याच्यामुळे माझी जोडी जुळायला उशीर होणार आहे का. दोन्ही बाजू मोजायच्या. पान सुंदर आहे, दुर्मिळ आहे, सोनेरी चौकटीत आहे, हे त्यात कुठेच येत नाही.

आता मला सगळ्यात जास्त आवडणारा भाग. गणपतीत रात्री जागवताना मेंढीकोटाचा डाव बसतो तेव्हा कुणीतरी काका हमखास म्हणतात, "माका पानांच बरी येणत नाय". आणि त्याच डावात कोपऱ्यात बसलेली एखादी आजी काही बोलत नाही, तीन दश्श्या पडल्या, चौथी अजून बाहेर आहे, हुकमाची किती पानं गेली, सगळं तिच्या डोक्यात असतं. काका फाशाचा विचार करतायत आणि आजी गड्डीचा, आणि या दोघांत मोठा फरक आहे. फाशाला आठवण नसते. १८ ऑगस्ट १९१३ ला मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत रूलेटच्या चाकावर सलग २६ वेळा काळा आला आणि आता तरी लाल येणारच म्हणून लोकांनी भरमसाट पैसे लावले आणि घालवले, कारण चाकाला आधी काय आलं होतं ते माहीतच नसतं. या चुकीला जुगाऱ्याचा भ्रम म्हणतात. पण गड्डीत हाच विचार बरोबर ठरतो! दहातली पाच पानं येऊन गेली आणि त्यात बॅश नव्हता तर पुढच्या पाचात तो शंभर टक्के आहे, कारण काढलेलं पान परत गड्डीत गेलेलं नाही. "आता येणारच" हे वाक्य चाकासमोर खोटं आणि गड्डीसमोर खरं. स्ले द स्पायरमध्ये गड्डीवर बोट ठेवलं की आत काय काय उरलंय ते दिसतं (क्रम दिसत नाही), म्हणजे आजीची स्मरणशक्ती सगळ्यांना फुकट.

हे आपल्या मातीत नवीन नाहीच म्हणा. सावंतवाडीचा गंजिफा बघा, हाताने रंगवलेली गोल पानं, दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकात राजा, वजीर आणि एक ते दहा अशी १२, एकूण १२०. काय गेलं आणि काय राहिलं हे १२० पानांत डोक्यात ठेवायचं म्हणजे चेष्टा नाही. ही कला जवळजवळ संपली होती, सावंतवाडीच्या राजघराण्याने, विशेषतः सत्वशीलादेवी भोसले यांनी, राजवाड्यात कारागीर बसवून ती टिकवली, आणि त्याबद्दल आपण त्यांचे खरंच ऋणी आहोत.

परत मोबाईलवर येऊ. बलाट्रोत हातात आठ पानं येतात. साध्या ५२ पानांत, सुरुवातीच्या आठमध्येच एका रंगाची पाच पानं, म्हणजे फ्लश, तयार मिळण्याची शक्यता साधारण ७ टक्के (पाचच पानं वाटली तर ०.२ टक्के, म्हणजे पाचशेत एकदा, तीन पानं जास्त मिळाल्याने एवढा फरक). आता त्याच गेममध्ये चेकर्ड डेक नावाची गड्डी आहे, तिच्यात २६ इस्पिक आणि २६ बदाम, किलवर चौकट नाहीतच. आठ पानं दोन रंगांत वाटायची तर एका रंगाची पाच मिळत नाहीत अशी एकच परिस्थिती उरते, बरोबर चार-चार. त्याची शक्यता ३० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ७० टक्के वेळा फ्लश तयार हातात. सात वरून सत्तर, आणि पिसणारा तोच आहे, नशीब तेच आहे, फक्त आत काय भरलंय ते बदललं.

पिसण्याबद्दलही सांगायलाच हवं, कारण "गेम मुद्दाम वाईट पानं देतो" असं फार जण म्हणतात. हाताने पत्ते पिसताना दोन भाग करून एकमेकांत सोडायची जी पद्धत आहे ती ५२ पानांना साधारण सात वेळा करावी लागते, हे डेव्ह बेयर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ ला दाखवलं. फोन मात्र एका फटक्यात करतो. रोनाल्ड फिशर आणि फ्रँक येट्स यांनी १९३८ ला दिलेली आणि १९६४ ला रिचर्ड डर्स्टनफेल्ड यांनी कॉम्प्युटरसाठी सुटसुटीत केलेली रीत अशी की शेवटच्या पानापासून सुरू करायचं, त्याच्यासकट त्याच्या आधीच्या सगळ्यांतून कुठलंही एक निवडून जागा बदलायची, मग शेवटून दुसरं, असं करत पहिल्यापर्यंत. सगळे क्रम सारख्याच शक्यतेने येतात. आणि ते "कुठलंही एक" निवडायला फोन एका बीज-आकड्यापासून सूत्राने पुढचे आकडे काढत जातो, बीज तेच तर क्रम तोच. म्हणून हरायला लागल्यावर गेम बंद करून परत उघडला तरी स्ले द स्पायरमध्ये तीच पानं त्याच क्रमाने येतात.

गंमत म्हणजे काही ठिकाणी गेम बनवणाऱ्यांनी फाशालाही आठवण दिली आहे. लढाईनंतर औषधाची बाटली मिळायची शक्यता ४० टक्क्यांपासून सुरू होते, मिळाली की १० ने उतरते, नाही मिळाली की १० ने चढते. निव्वळ नाणेफेक माणसाला अन्याय वाटते म्हणून हे असावं.

मेंदूचंही ऐका. वोल्फ्राम शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांच्या १९९७ च्या लेखात माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशींबद्दल दाखवलंय की त्या बक्षिसापेक्षा अपेक्षेतल्या फरकाला जास्त दाद देतात, ठरलेलं मिळालं तर गप्प, अनपेक्षित मिळालं तर उसळी, अपेक्षा करून मिळालं नाही तर बुडी. दर लढाईनंतर समोर येणारी नवी तीन पानं म्हणजे त्या पेशींना दिलेली हाक आहे, म्हणून रात्री एकला "अजून एक डाव" होतो. पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांतही हीच हाक असते, आणि त्यात घरं बुडालेली आपण बघितलीत, २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने त्यांच्यावर बंदीचा कायदा केला ते मला पूर्ण पटतं. स्ले द स्पायर आणि बलाट्रो एकदाच विकत घ्यायचे, आत पैसे लावायची जागाच नाही. घरात मोबाईलवर पत्ते दिसले की जुगार म्हणून ओरडणाऱ्या मोठ्यांना हा फरक शांतपणे दाखवावा असं मला मनापासून वाटतं.

आणि एक प्रयोग नक्की करून बघा. दोन्ही गेममध्ये ते बीज स्वतः टाकता येतं. एक जण मालवणात, एक चिपळुणात, दोघांनी स्ले द स्पायरमध्ये तेच बीज आणि तोच योद्धा घ्यायचा, म्हणजे नकाशा तोच आणि सुरुवात तीच. एकाने मिळेल ते प्रत्येक पान घ्यायचं, दुसऱ्याने प्रत्येक वेळी सरासरी बघून निम्म्या वेळा तरी नको म्हणायचं, आणि मग कोण कितव्या मजल्यावर मेलं ते एकमेकांना कळवायचं. एका बीजावर काहीच सिद्ध होत नाही हं, आठ-दहा तरी खेळा आणि मध्येच भूमिका बदला.