पैरा

पैरा म्हणजे शेतकरी घरांनी एकमेकांच्या रानात पाळीपाळीने, मजुरी न घेता, पण मोजून केलेले काम. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत 'पैरा करणे', 'पैरा फेडणे', 'पैरा अंगावर असणे' असे बोलतात. इर्जिक याहून वेगळी. तिथे औते घेऊन लोक एका दिवसात एकाचे रान उरकतात, घरधनी जेवण घालतो आणि परतफेड कोणी मोजत नाही. वारंगुळ्यात बैल-औत एकमेकांना वापरायला देतात. माणूस नात्याबाहेरच्या माणसासाठी घाम का गाळतो, या प्रश्नाचे उत्तर पैऱ्यात सर्वांत स्वच्छ दिसते, कारण इथे हिशेब आहे आणि वही नाही.

रीत

पैरा सहसा पाच-सात घरांचा असतो आणि एखाद्या कामाभोवती जमतो: पाटण-जावळीच्या डोंगरी भागात भाताची लावण, माण-खटावकडे शाळू म्हणजे रब्बी ज्वारीची काढणी, बागायती भागात भांगलण, म्हणजे खुरपून तण काढणे. माणसाला माणूस, औताला औत हा मूळ नियम. औताच्या एका दिवसाला माणसांचे किती दिवस धरायचे, हे गावोगावी वेगळे असते. ते काम सुरू होण्याआधी बोलून घ्यावे लागते, मागाहून काढले की भांडण ठरलेले. नंबर पिकावर लागतो. हलक्या रानातला शाळू आधी वाळतो, काळ्या रानातला मागून येतो, म्हणून हलक्या रानवाल्याची पाळी आधी.

शाळू उपटताना प्रत्येक जण आपापली पात धरतो, म्हणजे ठरावीक ओळी घेऊन सगळे एका रेषेत पुढे सरकतात. कोणाची पात मागे पडली हे मान वर केली की दिसते. मुकादम लागत नाही. शेजारचा दोन-चार ताटे मागच्याच्या पातीतली उपटून त्याला ओढून घेतो. ही मदत दोघांच्याही ध्यानात राहते.

मनाचा हिशेब

जीवशास्त्रज्ञ डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांनी 1964 मध्ये मांडलेल्या नियमानुसार मदतीचा खर्च, मिळणारा फायदा गुणिले रक्ताचे नाते, याहून कमी असेल तर मदतीची वृत्ती उत्क्रांतीत टिकते. सख्ख्या भावाचे नाते अर्धे, चुलत भावाचे एक अष्टमांश. सात पिढ्यांच्या भावकीत ते नगण्य उरते. तेव्हा 'भावकी आहे म्हणून पैरा' हे जीवशास्त्राचे पुरेसे उत्तर नव्हे. जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट ट्रायव्हर्स यांनी 1971 मध्ये दुसरी वाट दाखवली: तीच माणसे पुन्हा पुन्हा भेटत असतील, ओळखता येत असतील आणि फसवणाऱ्याला टाळता येत असेल, तर परक्यांतही परस्पर उपकार रुजतो. त्यांच्या मते कृतज्ञता, राग आणि अपराधी वाटणे या भावना याच देवाणघेवाणीत घडल्या. वहीचे काम त्याच करतात. पैरा अंगावर असलेल्या माणसाला पारावर बसताना जे अवघडल्यासारखे होते, ती त्याची थकबाकीची नोंद.

फसवणाऱ्याला शिक्षा करताना समाधानही मिळते. झुरिकमधील 2004 च्या प्रयोगात, विश्वासघात करणाऱ्याला दंड करताना मेंदूतील बक्षिसाशी जोडलेला भाग सक्रिय झालेला दिसला.

एकत्र लयीत काम करण्याचा परिणाम वेगळाच आहे. 2009 मध्ये ऑक्सफर्डच्या 12 वल्हेकरांनी यंत्रावर 45 मिनिटे सराव केला. एकट्याने करण्यापेक्षा सर्वांनी मिळून केल्यावर त्यांची वेदना सोसण्याची मर्यादा अधिक वाढली. यामागे एंडॉर्फिन, म्हणजे शरीरातच तयार होणारे वेदनाशामक द्रव्य असावे, हा अप्रत्यक्ष अंदाज आहे. काढणीच्या वेळी भलरी म्हणणाऱ्यांना 'कष्ट जाणवत नाही' असे वाटते, ते या निष्कर्षाशी जुळते. ऑक्सिटोसिनला मात्र 'विश्वासाचे संप्रेरक' म्हणण्याची घाई करू नये. ते नाकात फवारल्यावर परक्यावरचा विश्वास वाढतो, हा 2005 च्या गाजलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष पुढच्या प्रयोगांत नीट टिकलेला नाही.

कुठे मोडतो

पहिले कारण बदली माणूस. स्वतःच्या रानात कर्ता गडी हवा आणि फेडायला शाळकरी पोर पाठवायचे, असे झाले की आकडा जुळतो पण मन जुळत नाही. दुसरे कारण खाडा. राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट अॅक्सेलरॉड यांच्या संगणक-स्पर्धांत, जिथे प्रत्येक फेरीत साथ द्यायची की फसवायचे हे ठरवायचे होते, अनातोल रॅपोपोर्ट यांची 'जशास तसे' ही साधी चाल जिंकली. पण एखादी चूक अपघाताने झाली तर ती चाल सूडाच्या फेऱ्यात अडकते, आणि अधूनमधून माफ करणारी चाल सरस ठरते. शेतात अपघात रोजचे: अवकाळी पाऊस, आजारपण, व्यालेली म्हैस. म्हणून आधी निरोप आलेला एक खाडा सोडून द्यावा. न कळवता दुसरा पडला, तर पुढच्या हंगामात त्या घराला बोलावणे जात नाही.

खाड्याला पैशाचा दंड लावणे हा वाईट उपाय आहे. इस्रायलमधील हैफा इथल्या पाळणाघरांत मुलांना उशिरा नेणाऱ्या पालकांना दंड लावला, तेव्हा उशीर वाढला. दंड काढल्यावरही कमी झाला नाही. पैसे भरले की संकोच फिटतो. पैऱ्यातही नेमका संकोचच कामाचा असतो.

ऊस, ट्रॅक्टर आणि रोजंदारीने पैरा आक्रसला हे खरे, पण त्याच्या जुन्या मर्यादाही सांगायला हव्यात. अर्धा एकरवाला आणि पाच एकरवाला यांचा पैरा बसत नाही, भूमिहीनाला फेडून घ्यायला रानच नसते. वाकून भांगलण करते बाई आणि पैरा ओळखला जातो घरधन्याच्या नावाने, हा अन्याय रीतीतच आहे.

पाच-सात घरांपलीकडे गेले की समोरासमोरची ओळख पुरत नाही. तिथे वेगळी जुळणी लागते. कोरेगाव तालुक्यातील वेळू गावाने 2016 मध्ये पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप या गावागावांतल्या स्पर्धेत पहिला क्रमांक मिळवला, तो जलसंधारणाच्या श्रमदानावर. तिथे 45 दिवसांची मुदत होती, मोजता येणारे काम होते आणि शेजारच्या गावांशी चुरस होती. श्रमदानाची परतफेड कोणा एका घराकडून येत नाही, ती गावाच्या विहिरींत येते. त्यामुळे कोण आले नाही याची आठवण ठेवणारे डोळे तिथे मुद्दाम नेमावे लागतात. पातीत ते आपोआप असतात.