हृदय उजवीकडे, यकृत डावीकडे

सायटस इनव्हर्सस टोटॅलिस या जन्मजात स्थितीत छाती आणि पोटातले सगळे अवयव आरशात दिसावेत तसे उलटे असतात. हृदयाचं टोक उजवीकडे झुकलेलं असतं, यकृत आणि पित्ताशय डाव्या बरगड्यांखाली, जठर व प्लीहा उजवीकडे आणि अपेंडिक्स पोटाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात. एरवी उजव्या फुप्फुसाला तीन खंड असतात आणि डाव्याला दोन. इथे तेही उलट. साधारण दहा हजारांत एक माणूस असा असतो. अनेकांना हे कळतं ते मोठेपणी, भलत्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेमध्ये.

इतकी मोठी उलथापालथ होऊनही त्रास का होत नाही? कारण सगळंच एकसाथ उलटलेलं असतं. रक्तवाहिन्या, पित्तनलिका, आतडी यांच्या आपसातल्या जोडण्या जशाच्या तशा राहतात. घात होतो तो अर्धवट उलटण्याने. काही अवयव इकडचे, काही तिकडचे अशी सरमिसळ झाली, म्हणजे हेटरोटॅक्सी असली, तर प्लीहा नसते किंवा तिचे अनेक तुकडे असतात, आतड्यांना पीळ पडण्याची भीती राहते आणि हृदयाची रचना बहुधा गंभीर बिघडलेली असते. पोटातले अवयव उलटे पण हृदय मात्र डावीकडेच, या प्रकारातही हृदयदोष जवळजवळ ठरलेलाच. संपूर्ण उलट्या रचनेत हृदयदोषांचं प्रमाण सर्वसाधारणपेक्षा थोडं जास्त असलं, तरी ते काही टक्क्यांतच राहतं. म्हणून निदान झाल्यावर एकदा इकोकार्डिओग्राम, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्यावी.

डावं-उजवं ठरतं गर्भधारणेनंतरच्या तिसऱ्या आठवड्यात. तेव्हा भ्रूण म्हणजे पेशींची एक चपटी चकती असते. तिच्या मध्यरेषेवर नोड नावाचा एक बारीक खळगा असतो आणि तिथल्या प्रत्येक पेशीवर एकेक सूक्ष्म केसासारखा धागा, म्हणजे सिलियम. उंदराच्या भ्रूणात हे सिलिया सेकंदाला सुमारे दहा फेऱ्या घेतात, तेही घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. पण ते सरळ उभे नसतात, शेपटीच्या बाजूला कललेले असतात, आणि खरी गंमत या कलण्यात आहे. डावीकडे जाताना सिलियम पृष्ठभागापासून उंच असतो, त्यामुळे द्रव जोरात ढकलला जातो. उजवीकडे परतताना तो पेशींना जवळजवळ घासत येतो, तिथे द्रव फारसा हलत नाही. परिणामी द्रवाचा एक संथ प्रवाह सतत डावीकडे वाहत राहतो. डाव्या काठावरच्या पेशींना तो जाणवला की त्या बाजूला नोडल आणि पाठोपाठ पिटएक्स२ ही जनुकं जागी होतात. लेफ्टी नावाचं प्रथिन हा निरोप मध्यरेषा ओलांडू देत नाही. मग सरळ नळीसारखं असलेलं हृदय उजवीकडे बाक घेतं आणि बाकीचे अवयव आपापली बाजू धरतात.

हा प्रवाह १९९८ साली जपानमध्ये नोबुताका हिरोकावा यांच्या गटाने दाखवला. २००२ मध्ये हिरोशी हमादा यांच्या गटाने उंदरांच्या भ्रूणांवरून कृत्रिमरीत्या उलट्या दिशेने द्रव वाहवला आणि डावं-उजवं खरोखर उलटलं. जनुकं तीच, फक्त प्रवाहाची दिशा बदलली!

प्रवाहच नसेल तर बाजू नशिबावर सोडली जाते. प्रायमरी सिलियरी डिस्किनेशिया या आनुवंशिक आजारात सिलिया, नोडमधले तसेच श्वासमार्गात कफ बाहेर ढकलणारेही, नीट हलत नाहीत, आणि त्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांचे अवयव उलटे असतात. उलटे अवयव, जुनाट सायनसचा त्रास आणि रुंदावलेल्या श्वासनलिका हे त्रिकूट मानेस कार्टागेनर यांनी १९३३ मध्ये मांडलं. त्यामागे सिलियांना हलवणाऱ्या डायनीन या प्रथिनाच्या भुजा गायब असतात, हे ब्योर्न अफ्झेलियस यांनी १९७६ मध्ये दाखवून दिलं. श्वासमार्गातल्या सिलियांच्या मध्यभागी सूक्ष्मनलिकांची एक जोडी असते, नोडमधल्या सिलियांना ती नसते. म्हणून दोष फक्त त्या मधल्या जोडीत असेल, तर फुप्फुसं आजारी पडतात पण अवयव मात्र नेहमीच्याच जागी राहतात.

उलट्या अवयवांच्या दर चार-पाच जणांत एकाला हा आजार असतो, आणि तो वेळेवर ओळखणं हे सगळ्यात महत्त्वाचं. पूर्ण दिवसांच्या बाळाला जन्मतःच श्वासाचा त्रास होऊन ऑक्सिजन लागणं, पहिल्या दिवसांपासून बारमाही चोंदलेलं नाक, कधीच पूर्ण न थांबणारा ओला खोकला, कानात वारंवार पाणी साठणं ही लक्षणं दिसली तर नाकातल्या नायट्रिक ऑक्साइडची मोजणी आणि जनुकतपासणी करावी. आजार बरा होत नाही. पण रोजच्या फिजिओथेरपीने कफ मोकळा करत राहिलं आणि संसर्गावर तातडीने उपचार केले, तर फुप्फुसांची झीज मंदावते.

आजार नसलेल्यांना धोका असतो तो चुकीच्या निदानाचा. अपेंडिक्सची कळ डावीकडे येते, पित्ताशयाचीही. शिवाय काही रुग्णांना अवयव डावीकडे असूनही उजवीकडेच दुखतं, त्यामुळे सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनशिवाय पर्याय नसतो. हृदयविकाराची कळ उजव्या हातात उतरू शकते. नेहमीसारख्या काढलेल्या ईसीजीत पहिल्या लीडमध्ये, म्हणजे दोन हातांमधल्या नोंदीत, सगळ्या लहरी उलट्या दिसतात. हातांच्या तारा चुकून अदलाबदल झाल्या तरी असंच दिसतं; पण तेव्हा छातीवरच्या लीडमध्ये आर लहर (ठोक्याची वर जाणारी टोकदार लहर) व्ही१ या छातीवरच्या पहिल्या लीडकडून पुढे नेहमीसारखी वाढत जाते, इथे ती उलट खुजी होत जाते. योग्य ईसीजीसाठी हातांच्या तारा आपसात बदलायच्या आणि छातीचे इलेक्ट्रोड उजव्या बाजूला त्याच क्रमाने लावायचे. हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या डिफिब्रिलेटरचे पॅडही आरशातल्यासारखे: एक डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरा उजव्या कुशीवर.

दुर्बिणीतून पित्ताशय काढताना शल्यचिकित्सक रुग्णाच्या उजव्या बाजूला उभा राहतो आणि मॉनिटर डाव्या खांद्यापाशी येतो. उजव्या हाताने काम करणाऱ्याला पित्ताशयाच्या मानेपाशी, जिथे पित्तनलिका कापली जाण्याची भीती सर्वाधिक, तिथलं नाजूक काम डाव्या हाताने करावं लागतं किंवा हात एकमेकांवरून न्यावे लागतात. म्हणून वेळ जास्त लागतो आणि आधीचं स्कॅन पुन्हा पुन्हा पाहावं लागतं. हृदयप्रत्यारोपण याहून अवघड: दात्याचं हृदय नेहमीच्या रचनेचं, तर रुग्णाच्या महाशिरा विरुद्ध बाजूला, त्यामुळे मधलं अंतर भरून काढायला शिरांचे मार्ग नव्याने रचावे लागतात.